आरव्ही (राहण्याची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर) हिवाळ्यासाठी बंद करताना पाइप गोठून फुटू नयेत म्हणून भरतात ते गुलाबी अँटीफ्रीझ थंड नळातून येतं, गरम नळातून येत नाही. डीलर म्हणतो वॉटर हीटर बदला. बदलू का?

नका बदलू. या कामात हीटरची टाकी रिकामीच असते, तिला वगळून अँटीफ्रीझ गरम पाण्याच्या लाइनीत जावं म्हणून तर थंड आणि गरम लाइन जोडणारा बायपासचा पाइप असतो. दोष तिथेच आहे. "हीटर बदला" वाचलं आणि राहवलं नाही, कारण हे वाक्य मी घरात ऐकलंय.

आम्ही मिनेसोटात राहतो. एका वसंतात ट्रेलर बाहेर काढला तर शॉवरला नुसतं कोमट पाणी. माझे मोठे दीर आरव्हीतले जुने जाणकार. त्यांनी बाहेरचं झाकण उघडून पाहिलं आणि निकाल दिला, "हीटर गेला." सर्व्हिसवाल्यानेही फोनवरच तेच सांगितलं. मी पलंगाखालची फळी काढली, टॉर्च घेऊन आत वाकले, नवऱ्याला गरम नळ सोडायला सांगितला आणि पाइपांना हात लावत गेले. टाकीतून निघतो तिथे पाइपाला बोट ठेववत नव्हतं. बायपासचा पाइप येऊन मिळतो त्याच्या पुढे तोच पाइप कोमट, आणि बायपासचा पाइप गारेगार. म्हणजे पाणी व्यवस्थित तापत होतं, वाटेत थंड पाणी मिसळत होतं. बायपासवरच्या मधल्या व्हॉल्वची प्लास्टिकची मूठ फिरत होती, आतली दांडी जागची हलत नव्हती, म्हणून तो उघडाच राहिला होता. नवा व्हॉल्व काही डॉलरचा, हीटर कित्येकशे डॉलरचा. भाऊजी अजून म्हणतात, हीटर बदलला असता तर काय बिघडलं असतं? पैसे गेले असते आणि जुन्या व्हॉल्वमुळे पाणी कोमटच आलं असतं.

तुमच्याकडे पंप चालू असताना टाकीच्या ड्रेनच्या भोकाकडे बघा. तिथून गुलाबी येत असेल तर टाकीकडचा व्हॉल्व नीट बंद होत नाही. एकच व्हॉल्व असलेली रचना असेल तर गरम बाजूचा चेक व्हॉल्वही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) तपासा. काहीच येत नसेल तर मधला उघडत नाहीये. तीन व्हॉल्व असतील तर हिवाळ्यात टाकीचे दोन्ही बंद, मधला उघडा. मूठ पाइपाच्या रेषेत म्हणजे उघडा, आडवी म्हणजे बंद; पण मुठीवर विसंबू नका, दांडी फिरते का ते बघा.

टाकीतही अँटीफ्रीझ भरा, असं भाऊजींसारखं कुणी सांगेल. ऐकू नका. ६ गॅलनच्या टाकीत तेवढंच ओतायचं आणि वसंतात धूत बसायचं. रिकामी केलेल्या टाकीच्या तळाशी थोडं पाणी राहिलं तरी त्याला गोठताना फुगायला भरपूर जागा असते.

हे आधी सांगायला हवं होतं: ड्रेन प्लग काढण्यापूर्वी हीटर बंद करा, पाणी पूर्ण गार होऊ द्या आणि प्रेशर रिलीफ व्हॉल्व उघडून दाब काढा. विजेवरचा एलिमेंट असेल तर त्याचा ब्रेकर बंद ठेवा, रिकाम्या टाकीत तो चालू झाला की जळतो. वसंतात पाणी कोमट आलं तर बाहेरच्या शॉवरचे दोन्ही नळ बंद आहेत ना तेही बघा, तिथूनही थंड-गरम मिसळतं. अँटीफ्रीझ प्रोपिलीन ग्लायकॉलचं, आरव्हीसाठीचंच घ्या. गाडीच्या रेडिएटरमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते पिण्याच्या पाण्याच्या पाइपात अजिबात नको.