काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी पटावर जागा वेढायचा ‘गो’ हा खेळ. चीनच्या जुन्या परंपरेत त्याला एवढा मान का? आणि तेव्हा तो आजच्यासारखाच खेळत का?

चीनमध्ये याला वेइची म्हणतात. चिन हे तंतुवाद्य, वेइची, सुलेखन आणि चित्रकला या सुशिक्षित माणसाच्या चार कला. तांग राजघराण्याच्या (इ.स. ६१८–९०७) दरबारात तर सम्राटाशी खेळायला पगारी खेळाडू असत.

आज पट १९×१९ रेघांचा. चीनमधल्या वांगदू इथल्या थडग्यात सापडलेला, हान राजघराण्याच्या काळातला (सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा) दगडी पट मात्र १७ रेघांचा आहे.

खरा फरक मांडणीत. जुन्या चिनी पद्धतीत चारही कोपऱ्यांत सोंगट्या आधीच ठेवत, तिरक्या कोपऱ्यांत एकाच रंगाच्या, आणि पहिली चाल पांढऱ्याची. त्यामुळे कोपरा निवांत बांधता येत नसे, चकमक लगेच पेटे. शिवाय प्रत्येक सुट्या गटाला जगायला (म्हणजे पकडलं न जायला) लागणारी दोन घरं, म्हणजे त्याने वेढलेल्या दोन रिकाम्या जागा, गुणांत मोजत नसत, म्हणून प्रतिस्पर्ध्याचे गट तोडणं फार मोलाचं. हे माहीत नसेल तर जुन्या डावांतल्या कित्येक उत्तम चाली उगाच आक्रमक वाटतात.