आधी मोजायला शीक

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

पोषणात पीएच.डी. करायची म्हणतेस, उत्तम. पण ‘बेळगाव जिल्ह्यातील कुपोषण’ हा विषय नव्हे. एवढ्यावर अख्खं सरकारी खातं बसलेलं असतं. तुला एकटीला पेलेल असा प्रश्न घे. उदाहरणार्थ, गळीत हंगामात अथणी-रायबागच्या फडांवर येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांतल्या ६ ते २३ महिन्यांच्या मुलांना, आईचं दूध हा एक गट धरून आठ अन्नगटांपैकी दिवसाला किमान पाच मिळतात का? यात वय, जागा, हंगाम आणि मोजमाप सगळं आलं.

मोजमापातच बहुतेक प्रबंध बुडतात. दोन वर्षांखालचं मूल आडवं झोपवून मोजायचं, त्यापुढचं उभं. लहानग्याला उभं मोजलंस तर सुमारे ०.७ सें.मी. कमी भरतं आणि काही मुलं फुकटची खुजी ठरतात. वजनकाटा रोज सकाळी ठाऊक वजनाने तपास. काम सुरू करण्याआधी तू आणि तुझी सहकारी, दोघींनी तीच दहा मुलं प्रत्येकी दोनदा मोजा. फरक जास्त आला तर गावात जाऊ नका. दंडाचा घेर ११.५ सें.मी.पेक्षा कमी, म्हणजे तीव्र कुपोषणाची खूण, दिसला तर नुसती नोंद करून निघायचं नाही, त्या मुलाला पुढे कुठे पाठवायचं हे आधीच ठरलेलं हवं. नीतिसमितीही तेच विचारेल.

हिमोग्लोबिनचं तर विचारूच नकोस. बोट टोचल्यावर पहिला थेंब पुसायचा. बोट दाबून रक्त काढलं की पेशींच्या मधल्या जागेतलं पाणी मिसळतं आणि आकडा बदलतो. देशातल्या लहान मुलांतला ॲनिमिया २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात सुमारे ४१ टक्के होता; २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ६७ टक्के. पहिल्यात शिरेतलं रक्त होतं, दुसऱ्यात बोटातलं. हे न पाहता ‘ॲनिमिया भयंकर वाढला’ असं लिहिणारे पुष्कळ आहेत. तू त्यांत जाऊ नकोस.

आता आहार. ‘काल काय खाल्लं?’ विचारलंस की बाई म्हणणार, ‘काय नाही, चटणी-भाकरी.’ त्या चटणीत शेंगदाणे, कारळे, जवस असतात. ते सुटले की तेल आणि प्रथिनं दोन्ही हिशेबातून गेली. पहिल्या फेरीत न टोकता यादी घे, दुसऱ्यांदा चहा, साखर, वरून घेतलेलं तेल, शेतात तोंडात टाकलेलं विचार. तिच्याच घरातली वाटी पाण्याने भरून माप. भाकरी ‘एक’ लिहू नकोस. अथणीकडची ज्वारीची आणि खानापूरकडची नाचणीची सारखी नसते, पिठाचं वजन कर. एका दिवसाच्या माहितीवरून गटाची सरासरी काढता येते, पण नेहमीचं खाणंच कमी पडतं अशा किती जणी, हे सांगायला काही जणींकडे वेगळ्या दिवशी पुन्हा जावंच लागतं. एकादशी, श्रावणी सोमवार, सौंदत्तीच्या यल्लम्माची जत्रा हे दिवस वेगळे नोंदव.

आपल्याकडची खरी गोम सीमेची आहे. रेशनकार्ड कर्नाटकातलं, बाळंतपण माहेरी, महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजला. जन्माची नोंद तिकडे, तायी कार्ड (कर्नाटकातलं आई-बाळाच्या नोंदीचं सरकारी कार्ड) इकडे, आणि काही महिने मूल दोन्हीकडच्या अंगणवाडीच्या हिशेबात नसतं. अंगणवाडीची यादी हाच नमुना धरलास तर नेमकी हीच मुलं सुटतील. घरोघरी जाऊन यादी कर, आणि माहेरी गेलेल्या सुनांना आणि माहेरी आलेल्या लेकींना त्यात धरायचं की नाही हे आधी लिहून ठेव. गावपातळीवरची रजिस्टरं कन्नडमध्ये असतात, म्हणून कन्नड वाचता आलंच पाहिजे. मराठी शाळेत शिकले ही सबब तिथे चालत नाही.

कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची मूळ माहिती अर्ज केल्यावर फुकट मिळते, तिच्यावर हात बसव. मात्र तिचा नमुना जिल्ह्यापुरता असतो, त्यातून तालुक्याचे आकडे काढू नकोस. संख्याशास्त्रज्ञाला माहिती गोळा झाल्यावर नव्हे, प्रश्नावली छापण्याआधी भेट. गाइड निवडताना त्यांच्या हाताखाली काम केलेल्यांना दोनच गोष्टी विचार : मसुदा किती दिवसांत परत येतो, आणि लेखावर नावं कोणत्या क्रमाने लागतात. प्रोजेक्टची नोकरी पैसे संपले की संपते, तेव्हा लेखावर तुझं नाव असेल हे रुजू होतानाच लेखी घे.

प्रश्नावलीचा कच्चा खर्डा पाठव, शीर्षकाचं मागाहून बघू.