ऑस्कर ५: ट्रान्समीटर जमिनीवरून बंद करण्याची सोय कशासाठी होती?

ऑस्ट्रेलिस-ऑस्कर ५ या हौशी रेडिओवाल्यांच्या (हॅम मंडळींच्या) उपग्रहाचा एक ट्रान्समीटर जमिनीवरून चालू-बंद करायची सोय फक्त बॅटरी वाचवायला होती का, असं तुम्ही विचारलंय. बॅटरीचं कारण खरंच आहे, पण माझ्या मते मोठं कारण वेगळं होतं.

मेलबर्न विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी बांधलेला हा उपग्रह २३ जानेवारी १९७० ला कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्गहून, एका हवामान उपग्रहासोबत गेला. वजन सुमारे १८ किलो. सोलर सेल नव्हतेच, सगळी भिस्त अल्कलाइन बॅटऱ्यांवर. १४४.०५ मेगाहर्ट्झचा ५० मिलिवॉटचा बीकन (संकेत पाठवत राहणारा ट्रान्समीटर) सतत चालू असायचा. दुसरा, २९.४५ मेगाहर्ट्झचा, २५० मिलिवॉटचा होता, म्हणजे पाचपट. तोही कायम चालू ठेवला असता तर बॅटरी लवकर संपली असती. म्हणून तो मुख्यतः शनिवार-रविवारी चालू करत. बहुतेक हॅम तेव्हाच घरी सापडणार ना! १४४ चा बीकन साधारण तीन आठवड्यांत गप्प झाला, २९ चा मार्चपर्यंत टिकला.

आता मोठं कारण. १९६१ च्या ऑस्कर १ मध्ये असली काही सोय नव्हती. एकदा सोडला की बॅटरी संपेपर्यंत तो मोर्समध्ये ‘एच आय’ (HI) ही दोन अक्षरं पाठवत राहिला. काही आठवड्यांचा प्रश्न होता, चालून गेलं. पण सोलर सेल लावून वर्षानुवर्षं चालणारा उपग्रह सोडायचा आणि त्याचा दुसऱ्या कुणाच्या लहरींना त्रास व्हायला लागला, तर तो थांबवणार कोण? हौशी मंडळी आपला उपग्रह हुकमाने बंद करू शकतात, हे ऑस्कर ५ ने पहिल्यांदा करून दाखवलं. मला हेच त्याचं सर्वांत मोठं काम वाटतं.

१९७२ च्या ऑस्कर ६ ला तर ही सोय नसती तर काही खरं नव्हतं. आतल्या विद्युत गोंगाटामुळे त्याची अवस्था (कुठले भाग चालू, कुठले बंद) आपोआप बदलायची, आणि वेगवेगळ्या देशांतले हॅम पुन्हापुन्हा कमांड पाठवून त्याला ताळ्यावर आणायचे. असा तो साडेचार वर्षं चालला.

आज आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांतच आहे की हौशी उपग्रह सोडण्याआधी त्याला हुकूम देणारी पुरेशी भूकेंद्रं तयार हवीत. कॉलेजात असा उपग्रह करत असाल, तर वीज वाचवण्याच्या कोणत्याही मोडमध्ये कमांड रिसीव्हर बंद होता कामा नये. बाकी सगळं बंद पडलं तरी त्याला तुमची हाक ऐकू आली पाहिजे.