किडनी कमजोर, पण रिपोर्ट नॉर्मल! ॲक्युपंक्चरबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चरच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नाडी धरली, जीभ बघितली आणि म्हणाले, "किडनी कमजोर आहे." रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन, सोनोग्राफी करून घेतली, सगळं नॉर्मल. मग खोटं कोण बोललं? (वय ५२, सांगली)

खोटं कुणीच बोललं नाही, पण तुमच्या डॉक्टरांनी शब्द सांभाळून वापरायला हवा होता. चिनी वैद्यकात 'शन' नावाची कल्पना आहे. भाषांतर करणाऱ्यांनी तिला 'किडनी' म्हटलं आणि घोळ झाला. वाढ, प्रजनन, हाडं, ऐकू येणं, केस, कमरेची ऊब, शरीरातलं पाणी एवढी सगळी खाती या एका नावाखाली येतात. क्रिएटिनिनवरून कळतं ते आपल्या मूत्रपिंडाचं काम.

कंबर दुखते, पाय गार पडतात, रात्री दोनतीनदा लघवीला उठावं लागतं, जीभ फिकट आणि ओलसर, कडेला दातांचे ठसे. हे सगळं एकत्र दिसलं की 'शनचं यांग कमी पडलंय' असं म्हणतात. यांग म्हणजे ऊब, हालचाल. उलट तळहात-तळपाय जळजळतात, झोपेत घाम येतो, तोंड कोरडं, जीभ लाल आणि वर थर जवळजवळ नाहीच, तर यिन कमी. म्हणजे ओलावा, गारवा, विश्रांती आटली. कंबर दोन्ही प्रकारांत दुखते, पण सुया वेगळ्या ठिकाणी लागतात. चिनी वैद्यकात 'संतुलन' म्हणतात ते हेच. यिन-यांग तराजूत कायम निम्मे-निम्मे नसतात. दिवसा यांग वर, रात्री यिन वर, हे चालायचंच. रात्रीचे बारा वाजले तरी यांग खाली उतरत नाही आणि माणूस छताकडे बघत पडून राहतो, तेव्हा बिघाड म्हणायचा.

मी स्वतः रुग्णासमोर 'किडनी' हा शब्द काढतच नाही. आणि क्रिएटिनिन खरोखर वाढलेलं असेल, तर सुया टोचत बसू नका, किडनीच्या डॉक्टरांकडे जा. जाता जाता : जीभ दाखवायला जायचं असेल त्या सकाळी ती घासू नका, पान-कॉफीही नको. जांभळं खाऊन आलेल्या एका आजोबांची जीभ पाहून मी क्षणभर दचकलो होतो.

प्रश्न : यिन-यांग आणि पंचतत्त्वं म्हणजे आपलेच वात-पित्त-कफ आणि पंचमहाभूतं ना? (नाशिक)

ओढून-ताणून जुळवू नका. आपली पंचमहाभूतं म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. शरीर त्यांचं बनलेलं. चिनी पाचांत वायू-आकाश नाहीत, लाकूड आणि धातू आहेत. शिवाय ती द्रव्यांपेक्षा अवस्था जास्त आहेत, ऋतूंसारख्या एकीतून दुसरी निघणाऱ्या : लाकडातून अग्नी, अग्नीच्या राखेतून माती, मातीतून धातू, धातूतून पाणी, पाण्यावर पुन्हा लाकूड. साम्य हवं असेल तर मापात सापडेल. आपल्याकडे रुग्णाच्याच बोटाने अंगुळं मोजतात, तिकडे रुग्णाच्याच अंगठ्याची रुंदी म्हणजे एक 'त्सुन'. गुडघ्याच्या वाटीखाली रुग्णाची चार बोटं ठेवली की तीन त्सुन झाले. तिथे, नडगीच्या हाडाच्या बाहेरच्या बाजूला 'झुसानली' हा सुई टोचायचा बिंदू. त्यामुळे सहा फुटी माणसाचा बिंदू आणि शाळकरी पोराचा बिंदू आपापल्या जागी बरोबर येतो.

प्रश्न : खरंच उपयोग होतो, की मनाचे खेळ? (पुणे)

जर्मनीतली २००७ साली प्रसिद्ध झालेली चाचणी बघा. जुनी कंबरदुखी असलेले ११६२ रुग्ण. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्क्यांना बऱ्यापैकी आराम. नेहमीचे उपचार, म्हणजे औषधं आणि व्यायाम, यांनी २७.४ टक्क्यांना. आणि बिंदू सोडून भलतीकडेच वरवर सुया टोचलेल्या गटात ४४.२ टक्क्यांना! आमच्यातले बरेच जण पहिले दोन आकडे सांगतात आणि तिसरा गिळतात. मला तो तिसराच महत्त्वाचा वाटतो. सुईने काहीतरी होतं, पण बिंदूच्या जागेचा जेवढा बडेजाव आम्ही करतो तेवढा तिथे दिसला नाही. वेळ देऊन बसलेला माणूस, शांत पडून राहिलेला अर्धा तास, अपेक्षा, यांचाही वाटा असणारच. जुनाट दुखणं, डोकेदुखी, मळमळ यांसाठी जरूर करून बघा. मधुमेह, कॅन्सर 'मुळापासून' बरा करतो म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत या.

प्रश्न : डॉ. कोटणीसांनीच ही विद्या भारतात आणली ना? (सोलापूर)

सोलापूरकरांचा अभिमान मान्य, पण नाही. द्वारकानाथ कोटणीस १९३८ च्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते शल्यचिकित्सक म्हणून, आणि १९४२ साली तिथेच वारले. त्याच पथकातले डॉ. बिजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते इकडे आणलं. लुधियान्यात कोटणीसांच्या नावाने ॲक्युपंक्चरचं रुग्णालय आहे, त्यामुळे गैरसमज घट्ट झाला असावा.

प्रश्न : मुलीला तिसरा महिना आहे, उलट्या थांबत नाहीत. हातावरचे बिंदू दाबले तर चालेल? (ठाणे)

मनगटाच्या आतल्या बाजूच्या घडीपासून कोपराकडे तिचीच तीन बोटं ठेवा. तिथे मधोमध दोन शिरांसारखे स्नायुबंध लागतात, त्यांच्यामधला 'नेइगुआन' हलकेच दाबायला हरकत नाही. मात्र अंगठा आणि तर्जनीच्या मधला 'हगू' गरोदरपणात आम्ही टाळतो, घोट्याच्या आतल्या बाजूला वर असलेला 'सानयिनजियाओ'सुद्धा. आणि पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी झाली असेल, तर दाबादाबी सोडून आजच दवाखाना गाठा.

प्रश्न : वजन कमी करणारं चिनी वनस्पतींचं चूर्ण ऑनलाइन मागवलंय. नैसर्गिकच आहे, घेऊ ना? (कोल्हापूर)

नका घेऊ. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया ही दुसरीच गेली आणि शंभरावर लोकांची, बहुतेक बायकांचीच, मूत्रपिंडं बिघडली. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सरही झाला. नैसर्गिक होतीच ती! चिनी औषध म्हणजे सगळं टाकाऊ असं नव्हे. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन तिथल्याच जुन्या ग्रंथातल्या नोंदीवरून सापडलं आणि चिनी संशोधक तू योयो यांना २०१५ चं नोबेल मिळालं. पण ते शुद्ध करून, मात्रा ठरवून, तपासून. तुमच्या पुडीत काय आहे हे त्या पुडीवरच धड लिहिलेलं नाही.

प्रश्न : ॲक्युप्रेशरच्या काटेरी चपला रोज घालाव्यात का? (जळगाव)

आवडत असतील तर पाच-दहा मिनिटं घाला. मधुमेहाने तळपायाची संवेदना गेली असेल तर अजिबात नको. जखम झाली तरी कळायची नाही.