वाचक विचारतात : अमेरिकेतली पानगळ, पुण्यातल्या शंका

पितृपक्ष संपला की पुण्यातून लेकी-मुलांकडे अमेरिकेला निघणाऱ्यांची लगबग सुरू होते आणि आमच्याकडे पत्रांची. व्हिसा-विम्याचे प्रश्न यंदा बाजूला ठेवले आहेत. तिथल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात घरात आणि अंगणात जे अडतं, तेवढंच घेतलं आहे.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत आहे. रविवारी तिच्या सकाळी नऊला, म्हणजे आमच्या संध्याकाळी साडेसहाला, आमचं बोलणं असतं. गेल्या नोव्हेंबरात ते एकदम साडेसातावर गेलं. जावई म्हणाले, "घड्याळ मागे केलं." कोणी केलं आणि कशाला? (कोथरूड)

उत्तर : सरकारने. उन्हाळ्यात संध्याकाळी तासभर जास्त उजेड मिळावा म्हणून तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मूळ जागी आणतात. २००७ पासून याच तारखा आहेत. यंदा तो रविवार १ नोव्हेंबरला येतो. पहाटे दोनला एक वाजतो. न्यू जर्सीत हे घडतं तेव्हा आपल्याकडे रविवारचे सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. आपण घड्याळाला हात लावत नाही, म्हणून फरक साडेनऊ तासांवरून साडेदहा तासांवर जातो. शिकागोशी तो साडेदहाचा साडेअकरा होतो, कॅलिफोर्नियाशी साडेबाराचा साडेतेरा. हवाई आणि बहुतांश ॲरिझोना या फंदात पडतच नाहीत. ॲरिझोनातल्या फीनिक्सला मुलगा असेल तर बाराही महिने साडेबारा तासच धरा.

तिकडे मुक्कामाला असाल तर फोन आपोआप बदलतो. ओव्हन, भिंतीवरचं घड्याळ आणि जुन्या गाडीतलं घड्याळ बदलत नाही. त्यामुळे रविवारी सकाळी एका घरात दोन वेळा नांदतात. भरवसा फोनवर ठेवा. रक्तदाबाच्या रोजच्या गोळीला तासाभराने सहसा काही बिघडत नाही. इन्शुलिन, फिट्स किंवा पार्किन्सनची औषधं असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. आणि फिरायला जाण्याची वेळ बदला. त्या रविवारपासून न्यू जर्सीत पाचच्या आत सूर्य मावळतो. "चहा घेऊन निघू" म्हणालात तर अंधारातच निघाल.

प्रश्न : सूनबाईने लिहिलंय, "इथे सगळीकडे भोपळेच भोपळे आहेत, आई, आल्यावर घारगे करा." दारात ठेवतात त्या भोपळ्याचे घारगे होतात का? (कर्वेनगर)

उत्तर : होतात, पण करू नका. हॅलोविन या ३१ ऑक्टोबरच्या सणाला कोरायचा मोठा भोपळा आकारासाठी वाढवलेला असतो. गर पाणचट, धागेदार आणि बेचव. एकदा कोरून दारात ठेवलेला तर अजिबात वापरू नका, चार-पाच दिवसांत त्याला आतून बुरशी येते. त्याच्या बिया मात्र फेकू नका. धुऊन, पूर्ण कोरड्या करून, थोडं तेल-मीठ चोळून ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सिअसवर वीस-पंचवीस मिनिटं भाजा आणि मध्ये एकदा हलवा. ओल्या घातल्या तर कुरकुरीत न होता चिवट होतात.

घारग्यांना दोन मार्ग. बटरनट स्क्वॉश नावाचा लांबट, बदामी सालीचा भोपळा आणा. तो आपल्या लाल भोपळ्याच्या जवळचा आहे. किंवा सरळ डबा आणा. अमेरिकेतला डबाबंद भोपळा मुख्यतः इलिनॉय राज्यात, मॉर्टन गावाच्या आसपास पिकतो. त्याची जात फिकट सालीची, घट्ट गराची असते. दारातल्या नारिंगी भोपळ्याशी तिचा संबंध नाही. डब्यावर फक्त 'पम्पकिन' लिहिलंय ना, एवढं पाहा. शेजारीच 'पम्पकिन पाय फिलिंग'चा, म्हणजे 'पाय' या गोड पदार्थात भरायच्या सारणाचा, तसाच डबा असतो. त्यात साखर, दालचिनी आणि लवंग आधीच घातलेली असते आणि त्याचे घारगे कोणीही दुसऱ्यांदा मागत नाही.

डबा ४२५ ग्रॅमचा असतो. त्यातला एक कप गर जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर पाच-सात मिनिटं परतून कोरडा करा. डब्यातल्या गरात पाणी जास्त असतं. ही पायरी गाळली की पीठ जास्त जातं आणि घारगे भाकरीच्या चवीचे होतात. मग पाऊण कप चिरलेला गूळ घाला आणि विरघळला की लगेच उतरवा. उकळत ठेवलात तर पाक होतो आणि घारगे गार झाल्यावर दगड. पूर्ण गार झाल्यावर चिमूटभर मीठ, अर्धा चमचा जायफळ-वेलची, दोन मोठे चमचे तांदळाची पिठी, दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन आणि मावेल तेवढी कणीक, साधारण सव्वादोन ते अडीच कप. पाण्याचा थेंब नको. गोळा घट्टच भिजवा, कारण वीस मिनिटं झाकून ठेवला की गूळ सुटून तो आपोआप सैल होतो. कणीक भारतीय दुकानातली आणा. सुपरमार्केटमधलं गव्हाचं पीठ भरड असतं, त्याचे घारगे कडेला चिरतात. पुरीपेक्षा जाड थापा आणि मध्यम आचेवर तळा. आच मोठी झाली तर गुळाने बाहेरून काळे पडतात, आत कच्चे राहतात.

जाता जाता : कॉफीपासून मेणबत्तीपर्यंत सगळ्यात असणाऱ्या 'पम्पकिन स्पाइस'मध्ये भोपळा नसतो. दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग यांचा तो मसाला.

प्रश्न : मुलाकडे फोडणी दिली की छतावरची घंटा कोकलते. रात्री मात्र काही शिजत नसताना मधूनच 'टुक' असा आवाज येतो. घरात काही दोष आहे का? (सदाशिव पेठ)

उत्तर : घरात नाही, बॅटरीत आहे. दर मिनिटाला, अर्ध्या मिनिटाला एकदाच 'टुक' येत असेल तर धूरघंटेची बॅटरी संपत आली आहे. थंडीत बॅटरीचा दाब उतरतो आणि घर सर्वांत गार पहाटे असतं, म्हणून हा आवाज नेमका झोपमोड करायला येतो. घड्याळ मागे करायच्या दिवशीच बॅटरी बदलायची, असा तिथे रिवाज आहे. जुन्या घंटांना ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. नव्यांत दहा वर्षांची बंदिस्त बॅटरी असते. ती संपली की अख्खी घंटाच बदलायची. मागच्या बाजूला तारीख छापलेली असते.

लागोपाठ तीन-तीन आवाज आले तर धूर. चार-चार आले तर कार्बन मोनॉक्साइड. या विषारी वायूला वास नसतो, तेव्हा "काही येत नाही वास" म्हणून थांबू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ९११ या तातडीच्या नंबरावर फोन करा.

फोडणीचं दुखणं वेगळं. बऱ्याच घरांत शेगडीच्या वर मायक्रोवेव्ह बसवलेला असतो. त्याचा पंखा पुष्कळदा हवा बाहेर टाकत नाही, जाळीतून गाळून परत स्वयंपाकघरातच सोडतो. पंखा चालू आहे म्हणून आपण निर्धास्त, आणि मिरच्यांचा धूर घंटेपाशी. फोडणी मागच्या शेगडीवर द्या, तेल तापायच्या आधीच खिडकी उघडा आणि मोहरी तडतडली की झाकण टाका. घंटेवर प्लॅस्टिकची पिशवी बांधण्याचा सल्ला कोणी देईल. ती काढायची राहते, म्हणून बांधूच नका. दिवाळीत धूप आणि उदबत्तीचंही हेच. देव घंटेपासून लांब मांडा.

याच दिवसांत घर गरम करणारी भट्टी पहिल्यांदा सुरू होते. पहिला अर्धा-एक तास जळकट वास येतो, तो उन्हाळाभर साचलेल्या धुळीचा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो गॅस. दिव्याचं बटणही न दाबता बाहेर पडा आणि फोन बाहेरून करा. मुलाला भट्टीची हवेची गाळणी बदलायची आठवण द्या. एक इंच जाडीची असेल तर एक ते तीन महिन्यांनी बदलतात, आणि तिच्या कडेवरचा बाण भट्टीच्या दिशेने हवा. उलटी बसवली तर हवा नीट खेचली जात नाही. मग वरच्या खोल्या गार राहतात आणि सगळे थर्मोस्टॅटला दोष देतात.

प्रश्न : पानांचे रंग बघायला नक्की कधी जावं? आणि रिकामपणी मुलाचं अंगण झाडून दिलं तर चालेल का? (सिंहगड रस्ता)

उत्तर : व्हरमाँटच्या उत्तरेला सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. न्यू जर्सीत ऑक्टोबरचा उत्तरार्ध. व्हर्जिनियात शेनान्डोआ डोंगरातला १०५ मैलांचा स्कायलाइन ड्राइव्ह ऑक्टोबरच्या मध्यानंतर. दक्षिणेकडच्या उबदार ह्यूस्टनला मुलगा असेल तर रंगांची आशा सोडा आणि त्याला भेटायला म्हणून जा.

आपल्याकडे पिंपळ-सावरीची पानं शिशिरात, कोरड्या हवेने गळतात. तिथे दिवस आखडले की झाड देठाशी पडदा धरतं आणि हिरवं द्रव्य मोडीत काढतं. पिवळा रंग पानात आधीपासून असतोच, तो उघडा पडतो. लाल मात्र नव्याने तयार होतो. त्याला पानात अडकलेली साखर, लख्ख उन्हाचे दिवस आणि गोठवणार नाहीत अशा गार रात्री लागतात. म्हणून ढगाळ, उबदार ऑक्टोबरात मेपल फिके राहतात. आणि कितीही हिशेब केला तरी एक जोराचा पाऊस-वारा सगळं खाली आणतो. तिकिटं काढताना दोन्ही बाजूंना आठवडाभर मोकळा ठेवा.

अंगण झाडायला हरकत नाही, केरसुणीने नको. लांब दांड्याचा पंजा मिळतो. सकाळी पानं दवाने ओली आणि जड असतात. अकरानंतर सुरुवात करा. विरळ थर असेल तर गवत कापायचं यंत्र वरून फिरवा, चुरा गवतातच जिरतो. दाट असेल तर भरावा लागतो, बऱ्याच गावांत फक्त खाकी कागदी पिशव्यांत. प्लॅस्टिकच्या पिशवीतली पानं गाडी उचलत नाही. ढीग रस्त्यावरच्या पाण्याच्या जाळीवर लोटू नका, पहिल्या पावसात तळं होतं. पेटवू तर मुळीच नका, बहुतेक गावांत बंदी आहे. ईशान्येकडच्या राज्यांत पानांच्या ढिगात लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडी असतात. पायजमा मोज्यात खोचा आणि आत आल्यावर गुडघ्यामागे व काखेत बघा.

प्रश्न : ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनला, मुलगा-सून कामावर असतील. खाऊ मागायला पोरं दार वाजवतील त्यांना बेसनाचे लाडू द्यावेत असं हिचं म्हणणं. (औंध)

उत्तर : लाडू वाया जातील. आई-बाप घरी केलेलं, सुटं काहीही मुलांना खाऊ देत नाहीत. कारखान्यात वेष्टनात बांधलेली चॉकलेटं प्रत्येकी एक-दोन द्या, किती मुलं येतात ते शेजारी विचारून घ्या. दाण्यांची ॲलर्जी पुष्कळांना असते. निळसर-हिरवा भोपळा दारात दिसला तर त्या घरी खाऊऐवजी खेळणी-पेन्सिली मिळतात. दारावरचा दिवा लावला म्हणजे 'या', बंद म्हणजे 'नाही'. चॉकलेटं संपली की दिवा मालवा. पण दिवाळी जवळ असली तर पणत्यांनाही आमंत्रण समजतात. २०२४ मध्ये नरक चतुर्दशी ३१ तारखेलाच आली होती.

प्रश्न : मुलाच्या सहकारी बाईंनी थँक्सगिव्हिंगला जेवायला बोलावलंय. आम्ही शाकाहारी, अंडंही चालत नाही. (सहकारनगर)

उत्तर : आभार मानायचा हा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो. 'डिनर' म्हणाल्या तरी ताट दुपारी दोन ते चारच्या सुमारास वाढलं जातं, वेळ विचारा. आणि अंड्याचं आधीच सांगून ठेवा. तिथे 'व्हेजिटेरियन' म्हटलं की अंडं चालतं असंच धरतात.

टर्की हा भाजलेला मोठा पक्षी समोर दिसतो, तो टाळता येतो. फसगत बाकीच्या भांड्यांत होते. स्टफिंग दिसतं पावाचं, पण त्यात कोंबडीचं पाणी घातलेलं असतं. बटाट्यावरची ग्रेव्ही टर्कीच्या रसाची. रताळ्यावरच्या मार्शमेलोत जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून काढलेलं. भोपळ्याच्या पायमध्ये अंडी. क्रॅनबेरी सॉस निर्धास्त घ्या, करवंदाच्या मुरांब्याच्या जवळ जातो.

आपलं एक भांडं घेऊन जा, पण ओव्हन लागेल असं नको. टर्की चार तास ओव्हन अडवून बसलेली असते आणि त्या दिवशी यजमानीणबाईंना त्यावरून काही विचारू नये. दोन कप तांदळाचा मसालेभात, मिरची निम्मी, पसरट ट्रेमध्ये फॉइल लावून. दहा-बारा जणांना चवीपुरता पुरतो. काजू घातलेत तर सांगा. अंगणात कोणी तेलाच्या पिंपात टर्की तळत असेल तर लांब उभे राहा. आतला बर्फ वितळलेला नसला तर त्याची वाफ होऊन तेल उसळतं आणि पेटतं.

प्रश्न : शेजाऱ्याच्या हिरवळीवर उमेदवाराच्या नावाची पाटी रोवली आहे. वाऱ्याने आमच्या अंगणात येऊन पडली. उचलून ठेवू की टाकून देऊ? (बाणेर, सध्या मुक्काम ओहायो)

उत्तर : टाकू नका, पाटी पळवणं अनेक राज्यांत गुन्हा आहे. शेजाऱ्याच्या दारापाशी उलटी टेकवून ठेवा, म्हणजे नाव दिसणार नाही आणि तुम्ही कोणाच्या बाजूचे ते विचारायला तो येणार नाही. मतदान नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी होतं, यंदा ३ तारखेला. अध्यक्षाच्या निवडणुकीसाठी हा मंगळवार १८४५ च्या कायद्याने ठरला. बोटाला शाई लावत नाहीत, पुष्कळ ठिकाणी छातीवर चिकटवायला कागदी टिकली देतात. नंतर आठवडाभरात पाट्या आपोआप निघतात. हरलेल्याच्या लवकर.