बिडाचा तवा चिकटतोय, गंजतोय, तडकतोय

मागच्या महिन्यात या पानावर बिडाच्या भांड्यांबद्दल चारच ओळी लिहिल्या होत्या, तर त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळी दुसरा विषय घेतलाच नाही. कोणी स्किलेट म्हणतंय, कोणी कास्ट आयर्न, कोणी आजीचा बिडाचा तवा. वस्तू एकच आहे, आणि माझी अगदी जिव्हाळ्याची आहे.

प्रश्न : ताई, ऑनलाइन दहा इंची बिडाचं स्किलेट मागवलं, वर लिहिलं होतं की सीझनिंग करूनच येतं. पहिला डोसा अक्षरशः खरवडून काढला. मग एक व्हिडिओ बघून भरपूर तेल लावून तापवलं तर आता सगळा तवाच चिकट झालाय, बोट लावलं की ठसा उमटतो. परत पाठवू का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : अजिबात परत पाठवू नका, तवा चांगला आहे, तेल जास्त झालंय एवढंच. बघा काय होतं, तेलाचा अगदी पातळ हात चांगला तापला की ते तेल तेल राहत नाही, त्याचे रेणू एकमेकांत गुंतून एक कडक काळा पापुद्रा तयार होतो आणि तो बिडाला घट्ट धरून बसतो, सीझनिंग म्हणतात ते हेच. तेल जाड लागलं की वरून सुकल्यासारखं होतं आणि आत चिकट राहतं, तुमचं तेच झालंय.

आता गरम पाणी, भांड्यांचा लिक्विड सोप आणि नारळाचा काथ्या घ्या आणि जोर लावून घासा, चिकटपणा पूर्ण गेला पाहिजे. साबणाला घाबरू नका हो, नीट कडक झालेला थर आजच्या साध्या लिक्विडने निघत नाही, ती भीती पूर्वीच्या कॉस्टिकच्या जहाल साबणांमुळे बसलेली आहे. धुतला की लगेच पुसा, मंद गॅसवर कोरडा करा. मग कोमट तव्यावर अर्धा चमचा तेल घेऊन आतून, बाहेरून, दांड्याला सगळीकडे चोळा. आणि आता मुख्य काम, दुसरं कोरडं सुती फडकं घ्यायचं आणि ते सगळं तेल पुसून टाकायचं, जणू चुकून सांडलं होतं असं पुसायचं. तवा तेलकट चमकता कामा नये, नुसता काळसर दिसला पाहिजे. ओव्हन असेल तर 230 ते 250 डिग्रीला पालथा घालून एक तास ठेवा आणि आतच गार होऊ द्या, नसेल तर मध्यम गॅसवर, खिडक्या उघड्या ठेवून, हलका धूर येऊन तो थांबेपर्यंत. असं तीन-चार वेळा.

तेल कुठलं हे बऱ्याच जणांनी विचारलंय. करडई, सूर्यफूल, रिफाइन्ड शेंगदाणा, घरात असेल ते. जवसाचं लावा असं हल्ली खूप सांगतात, ते पटकन कडक होतं हे खरं, म्हणून तर ते ऑइल पेंटमध्ये वापरतात, पण तव्यावर पुढे त्याचे खपले निघतात. तूप आणि खोबरेल या कामाला नको, त्यांचा थर नीट धरत नाही.

आणि डोशाची घाई करू नका. पहिले पंधरा-वीस दिवस बटाट्याच्या काचऱ्या, कांदाभजी, पुऱ्या, असं तेलातलंच करत राहा, तवा आपोआप तयार होत जातो. डोसा घालाल तेव्हा तवा मंद ते मध्यम गॅसवर सात-आठ मिनिटं तापू द्या, कारण बीड उष्णता फार हळू पसरवतं, अॅल्युमिनियमच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्याने, त्यामुळे मोठ्या गॅसवर मध्ये जळतं आणि कडेला कच्चं राहतं. मग अर्धा कांदा काट्याला टोचायचा, तेलात जेमतेम बुडवायचा आणि तव्यावर फिरवायचा, तो चर्रर्र आवाज आला की पीठ घालायचं. त्याच तव्यावर पोळ्या मात्र भाजू नका. पोळीला तवा कोरडा कडकडीत तापत राहतो आणि महिनाभर जमवलेला थर जळून जातो. दोन तवे ठेवा, आपल्या आज्या उगाच ठेवत नव्हत्या.

प्रश्न : सासूबाईंचा जुना तवा माळ्यावर सापडला, गंजून लाल झालाय. घासायला दिला तर मावशींनी तारेच्या घासणीने एका बाजूने पांढरा केला. तो बिडाचा आहे की साधा लोखंडी तेही कळत नाही. टाकून द्यावा का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : टाकू नका! आधी ओळखायचा कसा ते सांगते. लोहचुंबक दोन्हीला चिकटतं, त्यावरून कळणार नाही. साधा लोखंडी तवा पत्र्याचा दाबून केलेला असतो, पातळ, सारख्या जाडीचा, उलथन्याने वाजवला तर टणटणतो. बिडाचा तवा वाळूच्या साच्यात ओतलेला, म्हणून पाठीमागून खरखरीत, जाड, हातात घेतल्यावर मनगटाला कळतो, आणि आवाज ठक्क असा बसका येतो. बिडात कार्बन 2 टक्क्यांच्या वर असतो, त्यातला पुष्कळसा ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात बसलेला असतो, आणि ते थरथर शोषून घेतात. भोसरी-चिंचवडला कारखान्यात काम केलेलं कोणी घरात असेल तर विचारा, लेथचा, म्हणजे धातू कातायच्या यंत्राचा, बेड बिडाचा का करतात, ते हेच कारण सांगतील.

गंज हा वरवरचा असतो. मावशींनी अर्धं काम केलंच आहे, उरलेलंही तारेनेच काढा. खोल गंज असेल तर व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन अर्धा तास बुडवून ठेवा, पण जवळ उभं राहून बघा, विसरलात तर ते चांगलं बीडही खायला लागतं. मग साबणाने धुऊन, कोरडा करून, वर कोथरूडच्या वाचकांना सांगितलं तसं सगळं करा. फडक्याला पहिल्यांदा काळं लागेल, लागू द्या.

मावशींना मात्र हा तवा यापुढे घासायला देऊ नका, त्यांचा त्यात काही दोष नाही, काळं दिसलं की घासून काढायचं हीच त्यांची सवय आणि तीच बाकी भांड्यांना बरोबर आहे. पुण्यात जून ते सप्टेंबर तर फार जपावं लागतं, नुसतं पुसून ओल जात नाही. धुतला की दोन मिनिटं गॅसवर ठेवा, गरम असतानाच तेलाचा पुसटसा हात द्या, आणि एकावर एक भांडी ठेवत असाल तर मध्ये वर्तमानपत्राचा कागद घाला.

प्रश्न : मी फ्लॅटवर राहते, फक्त इंडक्शन आहे. बिडाचा तवा चालेल का?
— एक विद्यार्थिनी, विमाननगर

उत्तर : चालतो, छान चालतो, बूड सपाट हवं एवढंच. सुरुवातीला कमी पॉवरवर तापव, एकदम पूर्ण पॉवर देऊ नकोस, एकाच जागी जोरात तापला तर वाकू शकतो किंवा तडकू शकतो. आणि काचेवर ओढू नकोस, उचलून ठेव, काचेला ओरखडे जातात.

प्रश्न : मुलीचं हिमोग्लोबिन कमी आहे. बिडाच्या कढईत भाज्या केल्या तर गोळ्यांची गरज उरणार नाही असं शेजारच्या काकू म्हणतात. पण वांग्याची भाजी काळी पडते, ती खावी का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : गोळ्या डॉक्टरांनी दिल्यात ना, मग त्या त्यांनी सांगेपर्यंत चालू ठेवा, इथे कढईवर विसंबून राहू नका. कढईतून अन्नात लोह उतरतं हे खरं आहे. 1986 साली अमेरिकेत मोजून बघितलं होतं, सफरचंदाच्या गरात 100 ग्रॅमला अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी लोह होतं ते बिडाच्या भांड्यात शिजवल्यावर 7 मिलिग्रॅमच्या वर गेलं. पण तो पदार्थ आंबट आणि ओलसर, म्हणून इतकं उतरलं. कोरड्या काचऱ्यांत तेवढं येत नाही, आणि आलेलं सगळं अंगीही लागत नाही. जेवताना लिंबू पिळा, जेवणाला लागून चहा देऊ नका, याने फरक पडतो. घरात कोणाला थॅलेसेमिया असेल किंवा अंगात लोह साठायचा त्रास असेल तर त्यांना या कढईतलं द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

काळं पडण्याचं म्हणाल तर वांगं, केळफूल, कच्ची केळी यांतला तुरटपणा लोहाला भेटला की काळा रंग तयार होतो. आपल्याकडे पोथ्या लिहायला हिरडा आणि हिराकस (हा लोहाचाच क्षार) घालून शाई करायचे, ती याच मेळाने काळी व्हायची. खायला हरकत नाही, पण चव लोखंडासारखी लागली तर मुलगी ताटात टाकेल, म्हणून वांगं स्टीलमध्ये करा. चिंच-कोकमाची आमटीही या कढईत नको, तिने थर निघून जातो. आणि भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, रात्रभर कढईत ठेवू नका.

प्रश्न : आम्ही थालीपीठ तव्यावरच थापतो. दुसरं थापायच्या आधी तवा नळाखाली गार करतो. नवीन बिडाच्या तव्याला चालेल ना?
— एक वाचक, धायरी

उत्तर : नाही, नाही, कृपा करून हे करू नका. माझ्या आईचा तवा असाच गेला आणि गेला तो माझ्याच हातून. श्रावणातली सकाळ होती, घरात पाहुणे, तीन थालीपिठं झाली होती, चौथ्याची घाई, मी तापलेला तवा तसाच नळाखाली धरला. वाफेचा एक लोट आला आणि आत टक् असा एकच आवाज, फार मोठा नाही. पुसून उजेडाला धरला तर कडेपासून मध्यापर्यंत केसाएवढी रेघ. आईने त्यावरून बोट फिरवलं आणि काहीच बोलली नाही, तिला तो तिच्या सासूबाईंनी दिला होता. पत्र्याचा तवा हे सहन करतो कारण पत्रा लवतो, बीड लवत नाही. वरची बाजू एकदम आकसते, आतली गरमच असते, आणि त्या ओढाताणीत ते फुटतं. वेल्डिंग करून बघायची इच्छा होते पण स्वयंपाकाच्या तव्याला ते करू नका. तो तवा मी अजून ठेवलाय, भाताच्या पातेल्याखाली दम द्यायला घेते.

तुम्ही एकतर दोन तवे घ्या, एक आपला आपण गार होत असताना दुसऱ्यावर भाजायचं, रविवार पेठेत बोहरी आळीत हातात घेऊन, वाजवून बघून घेता येतात. नाहीतर केळीच्या पानावर नाहीतर ओल्या फडक्यावर थापा, मधे बोटाने भोकं पाडा आणि तापलेल्या तव्यावर पालथं घालून पान किंवा फडकं अलगद सोडवा. भोकांत तेल सोडा, झाकण ठेवा, आच मध्यमच, आणि कड सुटायला लागली की मगच उलटा, त्याआधी उलथनं घालू नका.