बफिंगवाल्याचा प्रश्न

प्रश्न : सर, मी कुपवाड एमआयडीसीत सतरा वर्षं बफिंगचं, म्हणजे धातू फिरत्या चाकावर घासून चमकवण्याचं काम करतो. मुलीच्या चित्रकलेच्या पुस्तकात ब्रांकुशी या शिल्पकाराचा ‘अवकाशातला पक्षी’ पाहिला. ना पंख, ना चोच. धातूचा लांबट तुकडा, चकाचक केलेला. असले जॉब मी एका पाळीत चार काढून देईन. मग तो कलाकार आणि मी कामगार, हे कसं? – एक वाचक, सांगली

उत्तर : भाऊ, हाच प्रश्न अमेरिकेच्या कोर्टातही निघाला होता. १९२६ साली हा पक्षी बोटीने न्यूयॉर्कला उतरला. कलाकृतीला जकात माफ होती, पण कस्टमवाल्यांना त्यात पक्षी काही दिसेना. त्यांनी तो स्वयंपाकाची भांडी आणि दवाखान्याचं सामान या खात्यात घातला आणि ४० टक्के जकात लावली. खटला उभा राहिला. साक्षीला आलेल्या जेकब एपस्टाइन या शिल्पकाराला विचारलं गेलं, की चांगला मेकॅनिक हे असं चमकवू शकणार नाही का? चमकवेल, पण हा आकार त्याला सुचणार नाही, असं त्याचं उत्तर. १९२८ मध्ये निकाल लागला : ही कलाकृतीच.

मला एपस्टाइनचं म्हणणं अर्धंच पटतं. कारण ब्रांकुशी स्वतः कामगारच होता की! १८७६ साली रुमानियातल्या होबित्सा या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी जन्मला. मेंढरं राखली, दुकानात राबला. फळांच्या खोक्याच्या फळ्यांतून व्हायोलिन बनवून दाखवलं, म्हणून कारागिरीच्या शाळेत गेला, असं सांगतात. (मिरजेत जन्मला असता तर सतारमेकर गल्लीत कुणी सोडलाच नसता.) १९०४ मध्ये पॅरिसला पोचला, बरीचशी वाट पायीच. पुढे थोर शिल्पकार रोदँकडे काम मिळालं, तेही लवकरच सोडलं. मोठ्या झाडाखाली काही उगवत नाही म्हणाला.

ब्राँझचा पक्षी ओतून आला की पुढचं काम त्याचं स्वतःचं. कानस, मग पॉलिश पेपर, दिवसच्या दिवस. संगमरवर आणि ब्राँझ धरून डझनाहून जास्त पक्षी केले, वीसेक वर्षं तोच एक आकार घोटत.

मी मिरजेत चित्रकला शिकवायचो. एकदा एक कारागीर तंबोऱ्याच्या भोपळ्यावरून डोळे मिटून तळवा फिरवत होता. ‘इथं अजून आहे,’ म्हणाला आणि पेपर मारायला बसला. मला तिथं काहीच दिसत नव्हतं. ब्रांकुशीने संगमरवराचं एक अंडाकृती शिल्प केलं, त्याचं नाव ‘आंधळ्यांसाठी शिल्प’. ते वाचलं तेव्हा मला तो तळवा आठवला.

आपल्या इंदूरच्या महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी असे तीन पक्षी घेतले होते. एक ब्राँझचा, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या. त्या पक्ष्यांसाठी मंदिर बांधायचं म्हणून ब्रांकुशी इंदूरपर्यंत येऊनही गेला. मंदिर काही झालं नाही. काळा आणि पांढरा आता ऑस्ट्रेलियात, कॅनबेराला आहेत. झालं असतं तर तुम्हाला मी एसटीत घालून दाखवायलाच नेलं असतं.

आता तुमच्या चार जॉबचं. मुलीचं पुस्तक पुन्हा उघडा. पक्षी खाली निमुळता होत जातो, मनगटाहून बारीक होतो आणि तळाशी पुन्हा जरासा पसरतो. त्या बारीक जागेत कड न मोडता, लाट न उठवता चाक कसं लावाल? करून बघा आणि कळवा. मला खरंच जाणून घ्यायचंय.